‘मग पुढे त्यांचं काय झालं?’

‘द मॅगस’ ही कादंबरी वाचून दोन वाचकांनी जॉन फाउल्सला पत्रं लिहिली. दोघांचा प्रश्न एकच होता: शेवटी निकोलस आणि ॲलिसन एकत्र येतात की नाही? पहिलं पत्र न्यूयॉर्कच्या एका वकिलाचं. तो रुग्णालयात मरणाच्या दारात पडून होता आणि ती दोघं एकत्र यावीत अशी त्याची फार इच्छा होती. फाउल्सने त्याला कळवलं, हो, येतात. दुसरं पत्र अमेरिकेतल्याच एका बाईंचं, चांगलंच तडकून लिहिलेलं: आडवळणं पुरे झाली, काय झालं ते सरळ सांगा. त्यांना फाउल्सने कळवलं की त्या दोघांची पुन्हा कधीही भेट झाली नाही.

हा किस्सा फाउल्सनेच मुलाखतीत सांगितलेला आहे. ऐकताना हसू येतं आणि थोडा रागही येतो. लेखकालाच ठाऊक नसेल तर मग ठाऊक कोणाला? की त्याला ठाऊक आहे आणि तो माणूस बघून उत्तर देतो? फाउल्सच्या कादंबऱ्या वाचणारा प्रत्येक जण कधी ना कधी या प्रश्नाशी येऊन अडतो, आणि त्याने तिथे अडावं हीच लेखकाची योजना असते. माणसाच्या मनाचा शोध घेणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. फाउल्सच्या कादंबऱ्यांत पात्रांच्या मनाइतकीच वाचकाच्या मनाचीही तपासणी चालते, आणि ती वाचकाला न विचारता चालते.

नागपुरात बसून या ब्रिटिश माणसाबद्दल लिहायचं कारण आहे. इथल्याच एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने १९८८ साली मराठीत एक नाटक लिहिलं, त्यात नेमका हाच प्रश्न धसाला लावलेला आहे. आणि माझ्या मते काही बाबतींत तो फाउल्सपेक्षा पुढे गेला आहे. त्या नाटकाकडे येऊच. आधी फाउल्स.

जन्म १९२६चा, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातला. ऑक्सफर्डला फ्रेंच भाषा-साहित्याचं शिक्षण, मग १९५१ ते ५३ अशी दोन वर्षं ग्रीसमधल्या स्पेत्सेस बेटावरच्या एका निवासी शाळेत मास्तरकी, नंतर लंडनमध्ये शिकवणं. १९६३मध्ये ‘द कलेक्टर’ आली आणि इतकी खपली की त्याला नोकरीची गरज उरली नाही. पुढे तो दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस या छोट्या गावी राहायला गेला, तिथल्या संग्रहालयाचं काम अनेक वर्षं सांभाळत राहिला, आणि २००५मध्ये वारला. कादंबऱ्या मोजक्याच. त्यांतल्या पहिल्या तीन, म्हणजे १९६३ची ‘द कलेक्टर’, १९६५ची ‘द मॅगस’ आणि १९६९ची ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन’, यांवरच त्याचं नाव उभं आहे. यांतली तिसरी जगभरच्या विद्यापीठांत उत्तरआधुनिक कादंबरीचा नमुना म्हणून शिकवली जाते. भारतातल्या इंग्रजी विभागांतही ती नेहमीची आहे.

उत्तरआधुनिक हा शब्द पाहून पुष्कळ वाचक पान उलटतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या शब्दावर जेवढं दुर्बोध लिहिलं गेलंय तेवढं क्वचितच कशावर लिहिलं गेलं असेल. कादंबरीपुरतं पाहायचं तर गोष्ट साधी आहे. जुन्या कादंबरीत वाचक आणि लेखक यांच्यात एक न लिहिलेला करार असतो. लेखकाला सगळं माहीत आहे, तो सांगेल ते खरं, आणि पुस्तक मिटताना आपल्याला काय घडलं ते कळलेलं असेल. मनोविश्लेषणाच्या अंगाने जाणाऱ्या कादंबरीने हा करार मोडला नाही. तिने फक्त ‘काय घडलं’ ही जागा बाहेरून उचलून माणसाच्या डोक्यात नेली. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ची. तिच्यात संज्ञाप्रवाह आहे, विचारांची तुटक साखळी आहे, वाचकाची दमछाक आहे. पण त्या मनात जे चाललंय ते खरोखरच चाललंय याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. फाउल्सच्या पिढीने शंका घेतली ती इथे. मन स्वतःबद्दल जे सांगतं ते तरी खरं कशावरून?

‘द कलेक्टर’ ही या शंकेची सर्वांत बांधेसूद कादंबरी आहे. फ्रेडरिक क्लेग हा नगरपालिकेच्या कचेरीतला कारकून. फुलपाखरं पकडून टाचण्या टोचून ठेवायचा छंद. फुटबॉलच्या निकालांवर लावलेल्या पैजेत त्याला एकदम ७३,००० पौंडांहून जास्त रक्कम मिळते. त्या पैशांतून तो आडरानातलं एक घर घेतो, त्याचं तळघर सजवतो, आणि मिरांडा नावाच्या चित्रकलेच्या विद्यार्थिनीला पळवून आणून तिथे कोंडतो. तिला तो आपली पाहुणी म्हणतो. तिच्यासाठी पुस्तकं आणतो, कपडे आणतो, तिच्या आवडीचं खायला आणतो. ती आपल्या प्रेमात पडेल याची तो वाट पाहतोय.

पहिला अर्धा भाग क्लेग स्वतः सांगतो, आणि खरा धक्का इथे आहे. राक्षसाचं मन उघडून दाखवलं तर आत काळोख, किंकाळ्या, उन्माद असेल अशी आपली अपेक्षा. क्लेगचं निवेदन मात्र अगदी कचेरीतल्या जबाबासारखं आहे: बेतलेलं, सभ्य, जरा रडवेलं. प्रत्येक गोष्टीला त्याच्याजवळ कारण आहे. प्रत्येक वेळी चूक परिस्थितीची आहे. मी दुसऱ्या कोणासारखा वाईट वागलो नाही, हे तो इतक्या वेळा सांगतो की काही पानांनंतर वाचकही नकळत हिशेब मांडू लागतो: खरंच की, अजून त्याने तिला हात लावलेला नाही. आणि मग दचकतो. एका अपहरण करणाऱ्याच्या बाजूने आपण इतका वेळ कसे वाचत होतो?

नंतर तोच काळ मिरांडाच्या रोजनिशीतून येतो. ती त्याला शेक्सपिअरच्या नाटकातल्या कॅलिबनचं नाव देते. इथे फाउल्सने केलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: त्याने मिरांडाला देवी केलेलं नाही. ती हुशार आहे, धीट आहे, तशीच चढेलही आहे. क्लेगच्या बोलण्याच्या ढंगाची, त्याच्या अभिरुचीची ती टवाळी करते. तिच्या वर्गातल्या माणसांना असते तशी स्वतःच्या श्रेष्ठत्वाची खात्री तिला आहे. म्हणजे बळी ठरलेल्या मुलीच्या निवेदनावरही पूर्ण विसंबता येत नाही; तीसुद्धा क्लेगला माणूस म्हणून पाहू शकत नाही. न्यूमोनियाने ती तळघरातच मरते. शेवटच्या काही पानांत क्लेग पुन्हा बोलायला लागतो, आणि दुसऱ्या एका मुलीवर त्याची नजर गेलेली असते. या वेळी आपण नीट काळजी घेऊ, असं त्याला वाटतं.

या पुस्तकाचे काही वाचक भयंकर निघाले. ऑस्ट्रेलियात जन्मलेला खुनी ख्रिस्तोफर वाइल्डर १९८४मध्ये अमेरिकेत मारला गेला, तेव्हा त्याच्या सामानात ‘द कलेक्टर’ची प्रत सापडली. कॅलिफोर्नियातल्या लिओनर्ड लेकने तर मुलींना पळवून डांबून ठेवण्याच्या आपल्या बेताला ‘ऑपरेशन मिरांडा’ असं नाव दिलं होतं. पुस्तकाने त्यांना गुन्हेगार केलं असं म्हणणं सोपं आहे आणि मला ते पटत नाही. ही माणसं पुस्तक अर्धंच वाचत होती. क्लेग जे सांगतो ते त्यांनी जसंच्या तसं घेतलं. त्याच्या सांगण्यातली फट त्यांना दिसलीच नाही. निवेदकावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा वाचक किती दूर जाऊ शकतो, त्याचं हे टोकाचं आणि किळसवाणं उदाहरण.

‘द मॅगस’चं प्रकरण वेगळं. निकोलस अर्फे हा तरुण, देखणा, आत्मकेंद्री इंग्रज. ॲलिसन नावाच्या मुलीशी असलेलं नातं कंटाळून मागे टाकतो आणि एका ग्रीक बेटावर शिकवायला जातो. बेटाचं नाव कादंबरीत फ्राक्सोस. मूळ अर्थातच स्पेत्सेस. तिथे मॉरिस कॉन्शिस नावाचा एक धनाढ्य म्हातारा त्याला आपल्या बंगल्यावर बोलावतो. मग सुरू होतो एक खेळ. कॉन्शिस आपल्या आयुष्याच्या गोष्टी सांगतो आणि त्या गोष्टींतली माणसं बंगल्याच्या आवारात वावरताना दिसू लागतात. ज्या मुलीच्या निकोलस प्रेमात पडतो, ती आधी भूत म्हणून येते, मग वेडाची रुग्ण म्हणून, मग नटी म्हणून. प्रत्येक वेळी त्याला वाटतं, आता खरं कळलं. प्रत्येक वेळी खालची जमीन सरकते.

शेवटाकडे त्याच्यावर एक खटला चालतो. मुखवटे घातलेली माणसं समोर बसतात, मुखवटे काढतात, आणि आपली ओळख मानसशास्त्रज्ञ म्हणून करून देतात. मग निकोलसच्या व्यक्तिमत्त्वाचा शास्त्रीय अहवाल वाचून दाखवला जातो. पारिभाषिक शब्दांनी ठासून भरलेला, निर्दय, आणि बऱ्यापैकी बरोबर. गंमत अशी की हा अहवाल खरा की तोही खेळातला एक प्रवेश, हे निकोलसला समजत नाही. आपल्यालाही नाही. मानसशास्त्राच्या भाषेत सांगितलं म्हणजे माणूस उलगडला, या समजुतीची इतकी मिस्किल चेष्टा मी दुसऱ्या कादंबरीत वाचलेली नाही. स्टॅनली मिलग्रॅम यांनी आज्ञाधारकपणावरचे आपले गाजलेले प्रयोग १९६३मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यांत सामान्य माणसांना खोटी परिस्थिती खरी भासवून त्यांचं वागणं तपासलं होतं. फाउल्सचं हस्तलिखित त्याआधीच्या दशकापासून चाललेलं होतं, त्यामुळे उसनवारीचा प्रश्न नाही. पण माणसाला फसवून त्याच्याबद्दलचं सत्य काढायचं, ही कल्पना त्या काळाच्या हवेत होती खरी.

कादंबरी जाडजूड आहे, आणि मधली शंभरेक पानं कमी असती तर बिघडलं नसतं. फाउल्सलाही ती पुरी साधली नाही असं वाटत असावं, कारण १९७७मध्ये त्याने ती दुरुस्त करून पुन्हा छापली. त्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की कादंबरीचा अर्थ म्हणजे वाचकाच्या मनात उमटणारी प्रतिक्रिया. मानसतज्ज्ञ शाईचे डाग दाखवून तुम्हाला काय दिसतं ते विचारतात, तसंच हे आहे. रॉर्शाकची ही चाचणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली मेख कळेल. डागाला अर्थ नसतो. अर्थ सांगणारा मात्र उघडा पडतो. मरणाच्या दारातल्या वकिलाला त्यात मीलन दिसत होतं. तडकलेल्या बाईंना त्यात टाळाटाळ दिसत होती. फाउल्सने दोघांनाही त्यांच्या डागाप्रमाणे उत्तर दिलं, असं म्हणायला जागा आहे. तरी त्या बाईंवर अन्याय झाला, असं माझं मत आहे. सहाशेच्या वर पानं वाचलेल्या माणसाला चिडायचा अधिकार असतो.

तिसरी कादंबरी, ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन’, १८६७ सालात घडते. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळमार्गे नागपूरला येऊन टेकला, एवढं सांगितलं की आपल्याला तो काळ डोळ्यांसमोर आणता येतो. चार्ल्स स्मिथसन हा प्रतिष्ठित घराण्यातला तरुण, अर्नेस्टिना ही त्याची वाग्दत्त वधू, आणि सारा वुडरफ ही गावाने बदनाम केलेली स्त्री. समुद्रात शिरलेल्या धक्क्याच्या टोकाशी उभी राहून ती एकटक पाण्याकडे बघत असते. ही बाई फाउल्सला एका पहाटे अर्धवट झोपेत दिसली आणि तिच्यामागोमाग कादंबरी आली, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

बारा प्रकरणं अगदी व्हिक्टोरियन थाटात जातात. तेराव्यात लेखक अचानक थांबतो आणि सांगतो की हे सगळं मी रचतोय, ही माणसं कधी नव्हतीच. मराठी वाचकाला लेखकाने मध्येच येऊन बोलणं नवं नाही. बाबा पदमनजींच्या १८५७च्या ‘यमुनापर्यटन’पासून पुढे हरिभाऊ आपट्यांपर्यंत आपले कादंबरीकार वाचकाशी बोलत, त्याला समजावत, प्रसंगी उपदेशही करत आले. पण त्यांचं बोलणं कथेवरचा विश्वास पक्का करण्यासाठी असे. फाउल्स येतो तो विश्वास काढून घ्यायला. आणि गंमत म्हणजे तो काढून घेतल्यावरही आपण पुढचं पान उत्सुकतेनेच उलटतो. खोटं आहे हे कळूनही साराचं काय होतं हे हवंच असतं. माणसाच्या मनाबद्दल या कादंबरीने शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट ही असावी.

पुढे तो स्वतःच दाढीवाला प्रवासी होऊन आगगाडीच्या डब्यात झोपलेल्या चार्ल्ससमोर बसतो, आणि याचं आता काय करावं याचा विचार करत नाणं उडवतो. कारण शेवट दोन आहेत. एकात चार्ल्स आणि सारा भेटतात, त्यांची मुलगीही भेटते. दुसऱ्यात ते तुटतात. कोणता आधी छापायचा हे नाण्याने ठरवायचं, कारण शेवटी छापलेला शेवट वाचकाला जास्त खरा वाटणार हे त्याला पक्कं माहीत आहे. याशिवाय चव्वेचाळिसाव्या प्रकरणात एक तिसरा, गोड आणि कंटाळवाणा शेवटही येऊन जातो. तो चार्ल्सच्या कल्पनेतला होता असं नंतर कळतं. १९८१च्या चित्रपटात पटकथाकार हॅरॉल्ड पिंटर यांनी सिनेमात सिनेमा घालून हा पेच सोडवला. मेरिल स्ट्रीप आणि जेरेमी आयर्न्स साराची आणि चार्ल्सची कामं करतात, आणि त्या कामं करणाऱ्या नटांचीही.

या कादंबरीला एक विलक्षण वाचक भेटला. गिल्बर्ट रोझ या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९७२मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. कादंबरीच्या पात्रांना सोडून त्याने लेखकालाच कोचावर झोपवलं: हरवलेली, हाती न लागणारी स्त्री पुन्हा पुन्हा रचण्यामागे बालपणी आईपासून तुटलेल्या एकत्वाची ओढ आहे, असं त्याचं म्हणणं. दुसरा कोणी लेखक चवताळून उठला असता. फाउल्सने ते बऱ्याच अंशी मान्य केलं आणि थॉमस हार्डीवरच्या एका लेखात तीच किल्ली वापरून हार्डी उघडायचा प्रयत्न केला. तीच किल्ली त्याची मर्यादाही दाखवते. सारा असो की ‘मॅगस’मधली ती रूपं बदलणारी मुलगी, पुरुषाने सोडवायचं कोडं म्हणूनच ती उभी असते. साराच्या मनात आपण शिरणार नाही, असं लेखक सांगून टाकतो आणि याला तिचं स्वातंत्र्य म्हणतो. मला त्यात सोयही दिसते. मिरांडाच्या रोजनिशीनंतर फाउल्सच्या मोठ्या कादंबऱ्यांत बाई स्वतःची बाजू मांडताना क्वचितच भेटते.

आता नागपूर.

या शहराला इंग्रजी साहित्य वाचून मराठीत लिहिण्याची जुनी सवय आहे. १८८३चं हिस्लॉप कॉलेज, १८८५चं मॉरिस कॉलेज, १९२३चं विद्यापीठ, त्याच वर्षी स्थापन झालेला आणि पुढे नागपुरात स्थिरावलेला विदर्भ साहित्य संघ. मध्यप्रांताच्या या राजधानीत एका पिढीने सकाळी ब्राउनिंग शिकवला आणि रात्री मराठी कथा लिहिली. कुसुमावती देशपांडे यांचंच पाहा. लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात इंग्रजी शिकून आलेल्या या बाईंनी नागपुरात कित्येक वर्षं इंग्रजी शिकवलं, ‘दीपकळी’सारखे कथासंग्रह लिहिले, आणि १९५०च्या दशकात ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा ग्रंथ सिद्ध केला. कादंबरीकाराला माणसाच्या अंतरंगाची जाण किती, हा प्रश्न त्या सतत विचारतात. १९६१च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या; त्या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्याच वर्षी त्या गेल्या. फाउल्सची पहिली कादंबरी यायला अजून दोन वर्षं होती. त्यांनी ती वाचली असती तर काय म्हटलं असतं, याची कल्पना करायला मला आवडतं. स्तुती नक्कीच सावध असती.

या परंपरेतलं पुढचं नाव महेश एलकुंचवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा जन्म, शिक्षण आणि नोकरी नागपुरात, नोकरी इंग्रजी साहित्य शिकवण्याची. १९६५च्या सुमारास सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नाटकाला गेले. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’, दिग्दर्शन विजया मेहतांचं. आपणही लिहावं असं त्यांना तिथे वाटलं. १९६७मध्ये ‘सत्यकथे’त ‘सुलतान’ ही एकांकिका आली आणि मग मागे वळून पाहणं उरलं नाही. ‘वाडा चिरेबंदी’मुळे ते घरोघरी पोहोचले. आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यांच्या दोन वेगळ्या नाटकांचा.

‘प्रतिबिंब’मध्ये एक साधासुधा नोकरदार सकाळी उठतो आणि आरशात त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत नाही. एवढंच. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या या माणसाच्या घरमालकीणबाई या घटनेचा जो काही आनंदोत्सव करतात, तो पाहताना हसून पुरेवाट होते आणि मग हळूहळू गळ्याशी येतं. मन हरवणं किती बिनबोभाट घडू शकतं!

‘आत्मकथा’ हे १९८८चं नाटक. अनंतराव राजाध्यक्ष हा मानमरातब मिळालेला वृद्ध लेखक आत्मचरित्र सांगतो आहे, आणि त्याच्यावर संशोधन करणारी तरुण प्रज्ञा ते टिपून घेते आहे. त्याच्या आयुष्यात बायको उत्तरा आहे, तिची धाकटी बहीण वासंती आहे, आणि त्या तिघांत जे घडलं त्यावर त्याने पूर्वीच लिहून ठेवलेली एक कादंबरीही आहे. म्हणजे एकाच घटनेची किती रूपं झाली ते मोजा. घडलेलं, कादंबरीत लिहिलेलं, आता म्हातारपणी आठवून सांगितलेलं, आणि त्या दोन बायकांना आठवत असलेलं. रंगमंचावर ही रूपं एकमेकांच्या अंगावर येतात. राजाध्यक्ष खोटं बोलतोय असं म्हणावं तर तो अगदी कळवळून बोलतोय. खरं बोलतोय म्हणावं तर प्रत्येक वाक्यात तो स्वतःला जरा बऱ्या उजेडात उभा करतोय. प्रज्ञा प्रश्न विचारते तसतसं आपल्याला कळत जातं की हा माणूस इतरांना फसवण्याआधी स्वतःला फसवून मोकळा झालेला आहे. लेखक असल्यामुळे त्याला ते काम जास्त सफाईने करता येतं, इतकंच.

फाउल्स आणि एलकुंचवार यांची गाठ इथे पडते, आणि फरकही इथेच दिसतो. क्लेगही स्वतःला फसवतो, निकोलसही. पण पुस्तकात निवेदकाचा आवाज आपल्या डोक्यात एकटाच घुमत असतो. त्याला उत्तर द्यायला कोणी नसतं. नाटकात उत्तरा समोर उभी आहे. तिला अंग आहे, आवाज आहे, तिची शांतताही प्रेक्षागृहाला ऐकू येते. राजाध्यक्षाने तिला कोडं करून ठेवलं होतं. रंगमंचावर ती कोडं राहायला नकार देते. सारा वुडरफला जे कधी मिळालं नाही ते उत्तरा आणि वासंती यांना मिळतं: आपली बाजू. इतकं असूनही खरं काय घडलं याचा निवाडा नाटक देत नाही. फाउल्सला जे करायला नाणं आणि आगगाडीचा डबा लागला, ते इथे चार माणसं आणि एक घर यांत होतं.

इंग्रजीत हीच गोष्ट पुढे फार गाजली. काझुओ इशिगुरोच्या १९८९च्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’मधला बटलर आपलं सारं आयुष्य निष्ठेच्या नावाखाली झाकून सांगतो. इयन मॅकइवनच्या २००१च्या ‘अटोनमेंट’मध्ये एक वृद्ध लेखिका लहानपणी केलेल्या पापाची भरपाई कादंबरी लिहून करू पाहते, आणि अखेरीस कबूल करते की आपण वाचलेला सुखान्त तिने रचलेला होता. ‘अटोनमेंट’ वाचून थक्क झालेल्या मराठी वाचकाला मी ‘आत्मकथा’ वाचायला सांगतो. ते तेरा वर्षं आधीचं आहे. कोणी कोणाचं घेतलं असं सुचवायचं नाही. अपराधी लेखक आणि त्याचं शब्दांवरचं प्रभुत्व ही जोडी किती धोकादायक असते, हे दोन ठिकाणी दोन माणसांना स्वतंत्रपणे दिसलं.

मराठीत असं लेखन कमी वाचलं जातं, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. श्याम मनोहरांसारखा लेखक कादंबरीच्या चौकटीशी इतके खेळ करतो, २००८मध्ये त्यांना ‘उत्सुकतेने मी झोपलो’साठी साहित्य अकादमी मिळाली, तरी त्यांचा वाचकवर्ग आटोपशीरच आहे. कारण वाचकाचं अज्ञान आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे निवेदकावर विश्वास ठेवून वाचण्याचा संस्कार खोल आहे, आणि तो वाईट नाही. आशा बगे यांची ‘भूमी’ वाचताना आपण लेखिकेच्या बोटाला धरून चालतो, आणि ती कादंबरी आपल्याला खूप दूर घेऊन जाते. नागपूरच्याच या लेखिकेला २००६चा अकादमी पुरस्कार मिळाला तो त्याच ताकदीवर. सगळ्याच पुस्तकांनी वाचकाची परीक्षा घ्यायची गरज नाही.

पण ज्यांनी घेतली आहे, त्यांच्यापुढे बसताना थोडी तयारी लागते. निवेदक सारखं स्वतःचं समर्थन करत असेल तर वाचताना वेग कमी करावा. जे तो सांगायचं टाळतो त्याकडे लक्ष द्यावं. एखाद्या पात्राचा आपल्याला फार राग आला, किंवा फार कळवळा आला, की पुस्तक क्षणभर बाजूला ठेवून विचारावं, हे आपल्याला कोणी वाटायला लावलं? ‘द कलेक्टर’ वाचताना हा प्रश्न विसाव्या पानाला विचारलेला बरा. शंभराव्या पानापर्यंत क्लेगने आपल्याला गुंडाळलेलं असतं.

फाउल्स वाचायचा असेल तर सुरुवात ‘द कलेक्टर’पासून करा, ती लहान आहे आणि तिचं इंग्रजी सोपं आहे. ‘द मॅगस’ घेताना १९७७ची सुधारित आवृत्ती घ्या, आणि मध्येच कंटाळा आला तर चार दिवस थांबून पुन्हा धरा, कारण कॉन्शिसने जर्मन ताब्यातल्या बेटाची सांगितलेली हकीकत गाठल्याशिवाय ती सोडणं म्हणजे नुकसान. दोन्हींच्या मध्ये एक संध्याकाळ ‘आत्मकथा’साठी काढा. त्याची संहिता पुस्तकरूपात मिळते, आणि ती वाचायला एक बैठक पुरते.